मदत हवी आहे: साठीनंतर स्वतःच्या गाडीची दुरुस्ती शिकायची असेल, तर कुठून सुरुवात करावी आणि कुठे थांबावे?

नमस्कार.

माझ्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षांची नोंदणी २०२३ मध्ये संपल्यावर रीतसर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, त्यामुळे २०२८ पर्यंत तरी ही गाडी विकण्याचा विचार नाही. मी चिपळूणला राहतो, निवृत्त आहे, आणि गाडीविषयीचे माझे ज्ञान पेट्रोल भरणे, चाकांतील हवा तपासून घेणे आणि काच धुण्याच्या टाकीत पाणी ओतणे एवढ्यावरच संपते. या अज्ञानाची मला कधी लाज वाटली नव्हती, पण गेल्या काही वर्षांत दोनदा वाटली.

पहिला प्रसंग २२ जुलै २०२१ च्या पुराचा. आमच्या आळीत पाणी गाड्यांच्या सीटपर्यंत चढले होते. ते ओसरल्यावर गाडी जिवंत आहे का हे पाहण्याच्या घाईत मी किल्ली फिरवली. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, हे मला नंतर कळले, तेही बिलासकट. शेजाऱ्यांनी मात्र आपल्या गाडीची बॅटरी सोडवली, इंजिनाचे तिन्ही स्पार्क प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवून आतले पाणी बाहेर काढले. तेल व फिल्टर बदलून, वायरिंग आठवडाभर वाळवून त्यांनी गाडी सुरू केली आणि ती आजही चालते आहे. दोन्ही गाड्या एकाच पाण्यात उभ्या होत्या.

दुसरा प्रसंग या मे महिन्यातला. कऱ्हाडला लग्नासाठी निघालो असताना कुंभार्ली घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले, पण उघडल्यावर पाहायचे काय, हे ठाऊक नव्हते. मी रेडिएटरच्या झाकणावर फडके टाकून ते फिरवणार, एवढ्यात मागून आलेल्या टेम्पोचा चालक ओरडला, ‘‘काका, हात लावू नका, भाजाल!’’ अर्धा तास आम्ही इंजिन निवण्याची वाट पाहिली. मग त्याने गाडी सुरू करायला लावली, काटा पुन्हा चढू लागेपर्यंत वाकून रेडिएटरमागच्या पंख्याकडे पाहिले आणि तो फिरत नसल्याचे मला दाखवले. पंख्याची जोडणी सोडवून त्याने वायरचे दोन तुकडे थेट बॅटरीला लावले आणि पंखा भणभणत सुरू झाला. ‘‘डायरेक्ट केलाय. कऱ्हाडात फ्यूज आणि रिले बघून घ्या,’’ एवढे सांगून, चहालाही न थांबता तो निघून गेला.

कऱ्हाडच्या गॅरेजात मात्र गाडी तापली एवढे ऐकताच ‘‘हेड गॅस्केट गेले असणार, इंजिन उघडावे लागेल’’ असे सांगून, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधली सील गेल्याचे ठरवून, अठरा हजारांचा अंदाज देण्यात आला. मी आधी रिले, म्हणजे पंख्याला वीज पोचवणारा स्विच, तपासण्याचा आग्रह धरला. रिलेच निकामी निघाला आणि तो बदलायला मजुरीसह चारशे रुपयेही लागले नाहीत. तेव्हापासून काटा निम्म्याच्या वर गेलेला नाही. त्या टेम्पोवाल्याने पंखा दाखवला नसता, तर मी अठरा हजारांना मान डोलावली असती.

आता माझी विचारणा अशी आहे. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्यामुळे या वयात तो मला शक्य नाही, म्हणून घरच्या अंगणात, वयाला झेपेल अशा बेताने, कोणती कामे कोणत्या क्रमाने शिकावीत, सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत आणि कोणत्या कामाला अजिबात हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सौभाग्यवतींच्या मते हा सगळा उद्योग म्हणजे गुडघे दुखवून घेण्याचे निमित्त आहे. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, तेव्हा वाकण्या-झोपण्याची कामे शक्यतो वगळावीत.

प्रतिसाद १

आपण योग्य गाडीवर शिकायला निघाला आहात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी सुटे भाग अजून मिळतात, आणि बॉनेटखाली हात जायला जागा आहे, जी आताच्या अनेक गाड्यांत नसते.

पाना हातात घेण्याआधी पाहायला शिका. महिनाभर दर रविवारी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक पुसून तेलाची पातळी पाहा, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीवरच्या दोन रेघा पाहा, ब्रेक ऑइल किती आहे ते पाहा आणि वहीत लिहा. पातळी खाली जाते आहे हे एकदा पाहून कळत नाही, चार नोंदी शेजारी-शेजारी असल्या की कळते. त्यानंतर एक साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. चालू इंजिनावरही आकडा साडेबाराच्या खाली राहिला, तर नवी बॅटरी विकत घेण्याआधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि त्याचा पट्टा तपासून घ्या.

हत्यारांत १०, १२, १४ आणि १७ या मापांचे रिंग पाने, प्लगचा पाना आणि दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर यांवर वर्षभर निभावते. एअर फिल्टर, फ्यूज, दिव्यांचे बल्ब, वायपर आणि स्पार्क प्लग ही सर्व कामे उभ्याने होतात. बॅटरी सोडवताना आधी वजा टोक काढा आणि जोडताना ते शेवटी लावा, कारण अधिक टोकावरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती जन्मभर लक्षात राहते. मी स्वतः ती पाहिलेली आहे.

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्ट यांना हात लावू नका, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. घाटात पुन्हा काटा चढला, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा. मे महिन्यात जीव नकोसा होईल, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि तेवढ्यात सुरक्षित जागा गाठता येते.

प्रतिसाद २

माझे स्वतःचे गॅरेज आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तापलेली गाडी पाहून हेड गॅस्केटची शंका घेणे यात लबाडीच असते असे नाही. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. पण शंका आली तर पुरावा दाखवायला हवा: धुराड्यातून न थांबणारा पांढरा धूर, कूलंटमध्ये बुडबुडे, किंवा डिपस्टिकवर दुधाळ झालेले तेल. यांपैकी काहीही न दाखवता कोणी इंजिन उघडायला सांगितले, तर गाडी तिथून घेऊन जावी. माझी विनंती एवढीच की अर्धवट उघडून बोल्ट हरवलेली गाडी आमच्याकडे आणू नका. तिच्यावर आमचा दुप्पट वेळ जातो आणि बोलणीही आम्हीच खातो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वही सुरू केली आहे. काल एअर फिल्टरचा डबा उघडला, तेव्हा जानेवारीच्या बिलात ‘नवीन’ म्हणून लिहिलेला फिल्टर काळाकुट्ट निघाला, आणि त्याच्या घड्यांत गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातले दिसावे असे एक कुजके पान अडकलेले होते. आज प्लग काढायला घेतले. दोन सहज निघाले, परंतु तिसरा हलत नाही. इंजिन गरम करून जोर लावावा काय?

प्रतिसाद २ लिहिणारा

गरम इंजिनावर मुळीच नको, ॲल्युमिनियमचे आटे निघून येतील. इंजिन थंड असताना प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल थोडेसे सोडून रात्रभर ठेवा. सकाळी पाना सरळ बसवून आधी किंचित आवळा आणि मग सोडवा, असे थोडे-थोडे मागेपुढे करत राहा. नवा प्लग बसवताना पहिले काही फेरे बोटांनीच द्या. वाकडा लागत असेल तर तो तिथेच जाणवतो. तरीही जुना हलला नाही, तर काढलेले दोन प्लग परत बसवून गाडी जवळच्या गॅरेजात न्या.