बागेच्या जुन्या ट्रॅक्टरची गंजलेली केबिन

प्रश्न : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आम्ही बर्फ हटवण्यासाठी वापरत असलेल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या केबिनला काचेखाली आणि बिजागरांजवळ गंज चढला आहे. रंगवाला म्हणतो, नुसता रंग पुरेल. खरेच पुरेल का?

उत्तर : रंगवाला काहीही सांगो, पुरणार नाही. काचेचे रबर काढून खालची खाच पाहावी, कारण रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी तिथेच साचते. टोचल्यावर स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यातून आरपार जात असेल, तर तेवढा भाग कापून १८ गेजचा (सुमारे १.२ मिमी जाडीचा) नवा तुकडा मिग वेल्डिंगने (यंत्रातून सतत पुढे येणाऱ्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगने) अंतराअंतरावर टाके घालत जोडावा. सलग वेल्डिंग केल्यास पातळ पत्रा वाकतो.

दुसरे उत्तर : वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. वरवरचा गंज वायर ब्रशने घासून इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली द्यायचा गंजरोधक थर) द्यावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. खाच पोखरली आहे, बिजागरे मात्र शाबूत आहेत.

पहिले उत्तरदाते : मग खाचेतून पाणी निघण्याची भोके प्रायमरने बुजू देऊ नका.