स्प्रिंगस्टीन आणि ई स्ट्रीट बँड : पुन्हा एकत्र आल्यानंतरचा कोणता अल्बम आधी ऐकावा?

मंद्रसप्तक :
अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे अल्बम मी काही महिन्यांपासून क्रमाने ऐकत आहे. १९८९ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या साथीच्या ई स्ट्रीट बँडच्या सहकाऱ्यांना फोन करून आपण यापुढे दुसऱ्या वादकांबरोबर काम करणार असल्याचे कळवले आणि १९९२ मध्ये ‘ह्यूमन टच’ व ‘लकी टाउन’ हे दोन अल्बम एकाच दिवशी आणले. दोन्ही ऐकले, वादन सफाईदार आहे, पण मन रमले नाही. आता बँड परतल्यानंतरचे ‘द रायझिंग’ (२००२) आणि ‘लेटर टु यू’ (२०२०) ऐकायचे आहेत. गीतकार तोच, गळा तोच; मग साथीला कोण आहे याने खरोखर एवढा फरक पडतो का, की हे केवळ चाहत्यांचे स्मरणरंजन आहे?

तबकडी :
फरक पडतो, आणि ‘द रायझिंग’पासूनच सुरुवात करावी. १९९५ मध्ये निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी ही मंडळी थोडक्यात एकत्र आली होती, १९९९-२००० मध्ये त्यांनी मोठा दौराही केला. परंतु संपूर्ण बँडसह नव्या गाण्यांचा स्टुडिओ अल्बम म्हणाल, तर १९८४ च्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’नंतर तब्बल अठरा वर्षांनी आलेला हाच. त्यातली बरीच गाणी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या दुःखाभोवती फिरतात. ‘यू आर मिसिंग’ जरूर ऐका. घरातल्या वस्तू जागच्या जागी आहेत, माणूस तेवढा नाही, असे ते गाणे आहे. शब्द संपल्यावर डॅनी फेडेरिची यांचा ऑर्गन एकटाच पुढे चालत राहतो, जणू कोणी रिकाम्या घरातून फिरत आहे. हे भाड्याने आणलेल्या वादकाकडून होणार नाही.

पायपेटी :
तबकडी यांच्याशी अर्धाच सहमत आहे. ‘भाड्याने आणलेला वादक’ हा शब्दप्रयोग मला अन्यायकारक वाटतो, कारण ‘ह्यूमन टच’वर ड्रम्सना टोटो या रॉक बँडचे जेफ पोर्कारो होते आणि त्यांच्या हाताविषयी शंका घेण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही. शिवाय ई स्ट्रीटचे पियानोवादक रॉय बिटन त्या अल्बमवरही होतेच. म्हणजे प्रश्न एखाद्या वादकाच्या कौशल्याचा नसून, एकमेकांचा श्वास ओळखणारी माणसे एका खोलीत बसण्याचा आहे.

या कसोटीवर ‘द रायझिंग’ मला कमी पडतो. अटलांटात ध्वनिमुद्रण करताना निर्माते ब्रेंडन ओब्रायन यांनी गिटारी पुढे आणल्या आणि क्लॅरेन्स क्लेमन्स यांचा सॅक्सोफोन मोजक्याच ठिकाणी ठेवला. नाद आधुनिक झाला, हे मान्य. याउलट ‘लेटर टु यू’साठी, बिटन यांच्याच सूचनेवरून, स्प्रिंगस्टीन यांनी गाण्यांचे डेमो (कच्ची नमुना-ध्वनिमुद्रणे) आधी करून ठेवले नाहीत. न्यू जर्सीतल्या घरच्या स्टुडिओत नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गिटारवर गाणे ऐकवत, सहकारी आपापल्या कागदावर टिपणे घेत आणि मग सगळे मिळून वाजवत. जेमतेम पाच दिवसांत काम उरकले. डेमो तयार असला की वादक त्याची नक्कल करू लागतो. तो नसला की त्याला स्वतःची जागा शोधावी लागते. दुर्दैव असे की, बँड असा मोकळा वाजू लागला तेव्हा फेडेरिची (२००८) आणि क्लेमन्स (२०११) हयात नव्हते.

तबकडी :
शब्दप्रयोग मागे घेतो. मात्र सॅक्सोफोनची तक्रार करण्यापूर्वी ‘मेरीज प्लेस’ पुन्हा ऐकावे, ही विनंती. आणि ‘वर्ल्ड्स अपार्ट’मध्ये पाकिस्तानी कव्वाल आसिफ अली खान व त्यांचे साथीदार आहेत, तो प्रयोग मला पूर्ण साधलेला वाटत नाही, पण आपल्या कानांना तो आलाप लगेच ओळखीचा वाटेल.

मंद्रसप्तक :
दोघांचेही आभार. एक शंका उरते. ‘नेब्रास्का’ (१९८२) मला सर्वांत प्रिय आहे आणि त्यावर तर बँडच नाही.

पायपेटी :
बँडने ती गाणी वाजवून पाहिली होती. जमली नाहीत, म्हणून घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केलेले डेमोच प्रकाशित झाले. डेमोबद्दलचे माझे वरचे विधान तेवढ्यापुरते सौम्य करून वाचावे. आपण ‘नेब्रास्का’चे चाहते असाल, तर ‘लेटर टु यू’ पहिल्या गाण्यापासूनच लावा. ते जवळजवळ एकट्याचेच आहे आणि बँड खऱ्या अर्थाने दुसऱ्या गाण्यात आत येतो.