हातकागदावरचं चित्र गॅलरीसाठी फ्रेम कसं करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. कॅलिफोर्नियात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात मी जलरंग शिकतेय. वर्गात विशीतली मुलं आहेत, सत्तरीचे आजोबाही. तिथल्या गॅलरीत विद्यार्थी आणि स्थानिक चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी माझं पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचं चित्र निवडलंय! आईला फोनवर सांगताना रडूच आलं.

फ्रेमच्या मागे दोन डी-रिंग (इंग्रजी D आकाराच्या कड्या) आणि त्यांत बांधलेली तार हवी, खिळ्यावर अडकवायची दातेरी पट्टी चालणार नाही, एवढीच गॅलरीची अट. ते जमेल. अडचण कागदाची आहे. पुण्याहून आणलेला हातकागद, कडा खडबडीत, तंतू बाहेर आलेले. त्या कडा माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकायच्या नाहीत. मग मागच्या बोर्डवर चित्र कशाने धरायचं? जपानी कागदाच्या पट्ट्या नि गव्हाची खळ कुणी वापरलीय का? काच चित्राला टेकू नये म्हणून आत काय घालता? शुक्रवारी चित्र द्यायचंय.