मासळीच्या पट्ट्याची सरकारी सूचना: छोट्या होडीला त्याचा काय उपयोग?

खाडीमुख
हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मासळी मिळण्याची शक्यता असलेला पट्टा बंदरवार कळवते: दिशा, अंश, अंतर, खोली, अक्षांश-रेखांश. माझ्या मते याचा फायदा बर्फ भरून आठवडाभर बाहेर राहणाऱ्या बोटींनाच होतो. पट्टा पन्नास किलोमीटरवर निघाला तर आउटबोर्ड मशीनच्या फायबर होडीचा धंदा इंधनातच जातो. डोलीला, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, तर त्याचा काहीच उपयोग नाही, ती भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. शिवाय वेधशाळेचा वाऱ्याचा इशारा येतो तो 'दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारा' असा एकगठ्ठा. दाभोळला वारा असेल म्हणून रेडीच्या होड्या का बांधून ठेवायच्या?

बारा वाव
डोलीचं म्हणणं मान्य, बाकी नाही. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहतो. थंड-गरम पाणी जिथे भिडतं तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे बारीक मासळी आणि तिच्यामागे मोठी येते. म्हणून ही सूचना बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांची, तळाच्या कोळंबीची नव्हे. ढग असले की तापमान दिसत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत तर ती निघतच नाही.

'पट्ट्यावर गेलो, काही नव्हतं' या तक्रारीमागे बरेचदा जीपीएसची चूक असते. सूचनेत १६ अंश ३० मिनिटं असतात आणि यंत्र दशांशावर ठेवून १६.३० भरलं जातं. १६.३० म्हणजे १६ अंश १८ मिनिटं. १२ मिनिटांचा फरक, म्हणजे १२ सागरी मैल, सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला. शिवाय अंतर किलोमीटरमध्ये असतं, तांडेल (होडीचा प्रमुख) मैल समजतो. पट्टा प्रवाहाबरोबर सरकतो, त्यामुळे दोन दिवसांपूर्वीचा कागद घेऊन निघूच नये.

दीपगृह
इशाऱ्याबद्दल. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात बहुधा 'ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किलोमीटर' असं लिहिलेलं असतं. ४५ म्हणजे जवळपास २४ नॉट (ताशी सागरी मैल). त्यात फायबर होडी तग धरत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा ज्या होड्या बाहेर होत्या त्यांचं काय झालं, ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग विसरलेले नाहीत. मोबाईलची रेंज संपली की निरोप पोहोचत नाही. भारताच्या 'नाविक' या दिशादर्शक उपग्रहांवरून बोटीतल्या यंत्रावर संदेश देण्याची सोय आली ती त्यासाठीच. एक दिवस फुकट गेला तर तो भरून निघतो.

खाडीमुख
वाऱ्याचं पटलं. पण वारा नसताना, अंदाज दीड मीटर लाटेचा असताना होडी खाडीच्या तोंडावर उलटते, त्याचं काय?

दीपगृह
दीड मीटर ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्याच समुद्रात एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. खरा घात करतो तो लाटेचा आवर्तनकाळ, म्हणजे एका लाटेपासून दुसरीपर्यंतचे सेकंद. खोल पाण्यात ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब असते, १६ सेकंदांची ४०० मीटर. दक्षिण हिंदी महासागरातून आलेली ही लांब लाट खोल पाण्यात जाणवतही नाही. खाडीच्या तोंडावरच्या दांड्यावर (वाळूच्या उंचवट्यावर) पाणी उथळ झालं की उभी राहते. त्यात समोरून ओहोटीचं पाणी आलं की ती आखूड होते आणि फुटते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी जोरात असते, तेव्हा सर्वांत वाईट. इन्कॉइसच्या अंदाजात उंचीबरोबर हा काळही असतो, पण वाचतं कोण?

बारा वाव
सेकंद १४ च्या पुढे असतील तर ओहोटीत तोंडातून आत शिरू नये. पाणी भरायला लागल्यावर दीड-दोन तास थांबून यावं. वेळ गाठायची म्हणून लाटेकडे पाठ करून मशीन पूर्ण वेगात सोडलं तर होडी लाटेवर घसरते आणि आडवी होते. दोन लाटांच्या मधल्या पाण्यात, मागच्या लाटेच्या वेगाने चालवायची.

खाडीमुख
मग माझी मागणी सरळ आहे. मासळीचा पट्टा ट्रॉलरवाल्यांना मोबाईलवर जाऊ दे. छोट्या जेटीवर रोज दुपारी चारच्या आत मराठीत फळा लागला पाहिजे: उद्याची लाट, सेकंद, वारा, ओहोटीची वेळ. आणि वारा *कुठून* येतो आणि प्रवाह *कुठे* जातो, हे स्पष्ट लिहून. नैऋत्येचा वारा नैऋत्येकडून येतो, नैऋत्येचा प्रवाह तिकडे जातो. इथे सगळ्यांचाच घोटाळा होतो.

दीपगृह
ओहोटीच्या वेळा वर्षभराच्या आधीच छापून मिळतात, त्या आजच रंगवून ठेवता येतील. रोज खडूने भरायचे ते फक्त वारा, उंची आणि सेकंद. मच्छीमार सोसायटीच्या एका माणसाचं पाच मिनिटांचं काम आहे.