एसएसबी: सेल्फ डिस्क्रिप्शन १५ मिनिटांत संपत नाही, काय करावं?

फोंड्याचा_कॅडेट
एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून एसएसबीचं (सैन्यदलातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीचं) बोलावणं आलंय. टीएटी (चित्रावरून गोष्ट), डब्ल्यूएटी (शब्दावरून वाक्य), एसआरटीचा (दिलेल्या प्रसंगात काय कराल) सराव ठीक चाललाय, घोडं अडतं ते सेल्फ डिस्क्रिप्शनवर, म्हणजे स्वतःच्या वर्णनावर. आईवडील, शिक्षक आणि मित्र काय म्हणतात, मी स्वतःला कसा समजतो आणि पुढे कसा व्हायचंय, हे पाच भाग घड्याळ लावून लिहिले तर चौथ्यातच वेळ संपते. शिवाय प्रत्येक भागात 'प्रामाणिक, मेहनती, जबाबदार' हेच फिरून येतं. घरूनच पाठ करून न्यावं का? आणखी एक, आमचं गाव फोंडा तालुक्यात. जुन्या कागदांवर जिल्हा उत्तर गोवा आहे. पीआयक्यूत (तिथे भरायच्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये) काय लिहायचं?

रोमटातला_ढोल
मुद्दे पाठ असू देत, वाक्यं नकोत. पाठ केलेलं ओळखू येतं, कारण बाकीच्या उत्तरांची भाषा वेगळी आणि याच पानाची गुळगुळीत.

वेळ का संपते ते आधी बघ. सेल्फ डिस्क्रिप्शन सगळ्यात शेवटी येतं. तोवर १२ गोष्टी, ६० शब्द आणि ६० प्रसंग लिहून हात भरून आलेला असतो. त्यामुळे सकाळी ताज्या हाताने केलेला सराव फसवा. एसआरटीचा पूर्ण संच ३० मिनिटांत सोडव आणि मध्ये न थांबता हे लिहायला घे. पहिल्या तीन भागांना प्रत्येकी अडीच मिनिटं, चार-पाच ओळी, बस्स. साडेसात मिनिटं शेवटच्या दोन भागांसाठी उरली पाहिजेत, कारण विचार करावा लागतो तो तिथेच. आईवडिलांचा भाग हमखास लांबतो. बरेच जण तिथे आईवडिलांचेच गुण गात बसतात, विचारलेलं असतं स्वतःबद्दल!

विशेषणांवर उपाय एकच: विशेषण खोडायचं आणि ते ज्यावरून सुचलं ते लिहायचं. 'आई मला जबाबदार समजते' हे कोणीही लिहील. त्याऐवजी: 'चतुर्थीला माटोळीचं सामान आणायचं काम आई माझ्यावर सोपवते, यादी द्यावी लागत नाही. पण मी बाजार शेवटच्या दिवसावर ढकलतो म्हणून ओरडते.' दोन वाक्यांत विश्वासही आला आणि खोडही आली. मानसशास्त्रज्ञ शेवटच्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत (सगळ्या परीक्षकांच्या एकत्र बैठकीपर्यंत) तुला भेटत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतो. कागदावर माणूस दिसला पाहिजे.

दोष लिहिताना 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' असली चलाखी नको. सुधारता येण्यासारखा खरा दोष आणि त्यावर सध्या काय चाललंय, एवढं पुरे.

तिसरा_बाक
पीआयक्यूबद्दल. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तेव्हा दक्षिण गोवाच लिहा आणि मुख्यालय मडगाव. जुना कागद कोणी दाखवलाच तर कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. लोकसंख्येच्या रकान्यात गावाचा आकडा लागतो. तिथे तालुक्याचा किंवा अख्ख्या गोव्याचा (२०११ च्या जनगणनेत साधारण १४.५८ लाख) आकडा टाकून मोकळे होणारे कमी नाहीत. मातृभाषा कोंकणी की मराठी, जी घरात बोलता ती. शाळा मराठी होती म्हणून मराठी लिहायचं, असं नसतं.

या फॉर्मकडे फक्त माहितीचा कागद म्हणून बघू नका. मुलाखत घेणारा अधिकारी तो समोर ठेवूनच बोलतो. 'फुटबॉल' एवढंच लिहिलं तर प्रश्न कुठूनही येईल. 'फुटबॉल, आंतरमहाविद्यालयीन, बचावपटू' आणि वर्ष लिहिलंत तर प्रश्न तुम्हाला माहीत असलेल्या मैदानावर येतो. छंद दोनच लिहा, पण खरे. 'वाचन' लिहून गेल्या सहा महिन्यांतलं एक पुस्तक सांगता न येणं, ही तिथली नेहमीची पडझड. दहावी-बारावीचे टक्के आठवणीने नव्हे, मार्कशीट बघून.

आणि दोन्ही कागद जुळले पाहिजेत. पीआयक्यूत जबाबदारीच्या पदांचा रकाना कोरा आणि सेल्फ डिस्क्रिप्शनमध्ये 'मित्र मला नेहमी पुढारी करतात', असं असेल तर पुढचा प्रश्न तुम्हीच लिहून दिलात.

फोंड्याचा_कॅडेट
जिल्ह्याचा घोळ मिटला, देव बरें करूं. शेवटच्या भागात 'मला उत्तम सैन्याधिकारी व्हायचंय' लिहिलं तर चालेल?

रोमटातला_ढोल
ती नोकरी झाली. विचारलंय ते कसा माणूस व्हायचंय ते. दोनच गोष्टी घे आणि प्रत्येकीपुढे चालू असलेलं काम लिही. समजा अनोळखी लोकांत तोंड उघडत नाही, तर 'गावच्या क्लबच्या बैठकीत आता हिशेब मी वाचून दाखवतो' असं काही. खरं असेल तरच हं. जीटीओच्या (गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) गटचर्चेत तू गप्प बसलास तर हे वाक्य तुझ्या बाजूने बोलेल. 'मी निर्भीडपणे बोलतो' लिहून गप्प बसलास तर तेच अंगावर येईल.

तिसरा_बाक
भाषेचं राहिलं. इंग्रजी किंवा हिंदी, दोन्ही चालतं. इंग्रजी अडखळत असेल तर आठ-दहा शब्दांची वाक्यं करा. लांब वाक्य मध्येच मोडतं आणि खाडाखोडीत अर्धं मिनिट जातं. एकाच जातीची दोन बॉलपेनं घेऊन जा, आधी थोडी वापरलेली.