क्रोशे: चौकोनी रुमालाच्या कडा सरळ येत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. गणपतीत चौरंगावर घालायला सुती दोऱ्याचा रुमाल विणतेय. सुई ३ मिमीची, सगळी वीण खांबांची, म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांची. प्रत्येक ओळीत ६० खांब, मोजून. तरी दोन्ही बाजूंना भोकं दिसतात आणि कड नागमोडी जाते. सुरुवातीची साखळीही आवळल्यासारखी झालीय, त्यामुळे खालची बाजू अरुंद दिसते. बरंचसं विणकाम विरार लोकलमध्ये होतं, पण घरी विणलेल्या ओळीही तशाच आहेत. ओळ वळवताना ३ साखळ्या (साखळीचे फास) घालून त्यांनाच पहिला खांब धरते. देवासमोर ठेवायचा आहे, नीटच व्हायला हवा. उसवायची तयारी आहे.

प्रतिसाद १
ताई, भोकं त्या ३ साखळ्यांमुळेच पडतायत. त्यांची उंची खांबाएवढी होते, पण जाडी नाही, म्हणून शेजारी फट राहते. वळताना २ च साखळ्या घाला आणि त्या मोजू नका. पहिला खांब अगदी पहिल्याच टाक्यात घ्या, शेवटचा मागच्या ओळीच्या शेवटच्या खांबावर. त्या २ साखळ्यांवर काहीच विणायचं नाही. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबाला छोटी सेफ्टी पिन लावून ठेवा, गर्दीत उतरायची घाई असली तरी टाका चुकत नाही.

खांबांची उंची सारखी येण्यासाठी दोरा टाक्यातून वर ओढताना दर वेळी तेवढाच ओढा. माझ्या मते हात सुबक होतो तो इथेच.

साखळीसाठी ३.५ किंवा ४ मिमीची सुई घ्या, पहिल्या ओळीपासून परत ३. साखळीच्या मागच्या बाजूला उंचवटे दिसतात, त्यांत पहिली ओळ विणली तर खालची कडही वरच्यासारखी वेणीदार येते.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार! उसवायला घेतलाच. भोवती मुक्या खांबांची (वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांची) किनार करायचीय, बाजूंना किती घ्यायचे?

प्रतिसाद २
खांबाच्या एका ओळीला साधारण २ मुके खांब, कोपऱ्यात एकाच जागी ३. किनार झालरीसारखी फुगली तर कमी करा, आत ओढली गेली तर वाढवा. झाल्यावर रुमाल भिजवून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी चौकोनात ताणून पंख्याखाली वाळवा. साबुदाण्याची पातळ खळ दिलीत तर कोपरे ताठ राहतील. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, तेव्हा चतुर्थीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.