एकच मेल छापायची तर आधी प्रिव्ह्यू बघा

वर विचारलंय की जीमेलमधून दोन ओळींचं उत्तर छापायला गेलं की अख्खी साखळीच का बाहेर येते. कारण विषयाच्या ओळीत उजवीकडे जे प्रिंटरचं चिन्ह आहे ते 'प्रिंट ऑल' आहे, ते सगळा संवाद छापतं. हवी ती मेल उघडा, त्याच मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि तिथलं 'प्रिंट' निवडा. फक्त तीच मेल येते.

थंडरबर्ड, म्हणजे संगणकावर मेल वाचायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. 2021 च्या 91 व्या आवृत्तीपासून प्रिव्ह्यूसाठी वेगळा मेनू शोधावा लागत नाही. कंट्रोल-पी दाबलं की छापील पान कसं येईल ते (म्हणजेच प्रिव्ह्यू) आणि बाजूला सेटिंग्ज एकत्रच दिसतात. मेलमधला तक्ता उजवीकडे कापला जात असेल तर स्केलमध्ये 'फिट टू पेज विड्थ' ठेवा. मागच्या महिन्यात वडिलांच्या विम्याची मेल छापताना रकमेचा रकाना अर्धाच आला होता, या एका बदलाने पूर्ण आला. शेवटच्या पानावर नुसती सही नि 'कागद वाचवा' अशी ओळ येते ना? प्रिव्ह्यूत पानं मोजा आणि तीन असतील तर पेजेसमध्ये 1-2 एवढंच टाका.

आणि हो, अटॅचमेंट सहसा मेलबरोबर छापली जात नाही, फक्त तिचं नाव येतं. ती वेगळी उघडूनच छापावी लागते. सायबर कॅफेत जाणार असाल तर घरूनच पीडीएफ करून न्या, तिथे लॉगिन करू नका.